एकाच रेकॉर्डची अनेक प्रेसिंग : पाठभेद जमवण्याची रीत

प्रश्न : मी तेवीस वर्षांचा असून कोथरूडला राहतो. मायनर थ्रेट या बँडची ‘आउट ऑफ स्टेप’ ही रेकॉर्ड मी गेल्या वर्षी नवी विकत घेतली आणि तेव्हापासून तिने मला पछाडले आहे. या एकाच रेकॉर्डची सर्व प्रेसिंग, म्हणजे वेगवेगळ्या वेळी दाबून काढलेल्या छपाया, जमवावीत असे मनात आहे. दरमहा ३,००० रुपये बाजूला ठेवता येतात. सुरुवात कोठून करावी, खरे-खोटे कसे ओळखावे आणि पुण्याच्या पावसाळ्यात हे सगळे सांभाळायचे कसे?

उत्तर : तुमच्या प्रश्नातला ‘सर्व’ हा शब्द आधी काढून टाकावा, अशी माझी पहिली सूचना आहे. गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी हार्डकोर पंकच्या, म्हणजे पंक रॉकच्या अधिक वेगवान आणि आक्रमक प्रकाराच्या, रेकॉर्डी जमवत आलो आहे आणि ‘सर्व प्रती’ या हट्टापायी चांगले संग्रह अर्ध्यावर मोडलेले मी पाहिले आहेत. जी रेकॉर्ड चाळीस वर्षे पुन्हा पुन्हा निघत आली, तिच्या प्रत्येक खेपेची नोंद कोणी ठेवलेली असतेच असे नाही. त्यामुळे ‘सर्व’ म्हणजे नेमके किती हे ठरवताच येत नाही. त्याऐवजी प्रत्येक नव्या प्रतीला एकच प्रश्न विचारावा : माझ्याकडे आधीपासून असलेली प्रत जे सांगत नाही, असे तू काय सांगतेस? आपल्या गावात याचे मोठे उदाहरण आहे. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना १,२५९ हस्तलिखिते विचारात घेतली. त्यामागे पोथ्यांची संख्या वाढवण्याचा हेतू नव्हता, तर कोणत्या पोथीत कोणता पाठ आहे आणि तो कोठून आला हे शोधण्याचा होता. प्रेसिंग जमवणे हेही माझ्या दृष्टीने पाठभेद जमवण्याचेच काम आहे आणि तुम्ही निवडलेली रेकॉर्ड त्यासाठी विलक्षण योग्य आहे.

ती योग्य का, हे थोडे सविस्तर सांगतो. वॉशिंग्टनचा हा बँड १९८० ते १९८३ एवढाच काळ टिकला. इयन मकाय आणि जेफ नेल्सन हे त्याचे गायक आणि ड्रमर. डिस्कॉर्ड हे रेकॉर्ड लेबलही (रेकॉर्डी काढणारी संस्था) त्यांनीच मित्रांसह उभे केले. १९८१ मध्ये दोन सात-इंची रेकॉर्डी निघाल्या आणि १९८३ मध्ये ‘आउट ऑफ स्टेप’ ही बारा-इंची रेकॉर्ड आली. लेबलच्या यादीत तिचा क्रमांक १० आहे. ध्वनिमुद्रण व्हर्जिनियातील आर्लिंग्टन येथील इनर इअर स्टुडिओत डॉन झिएंटारा यांच्याकडे झाले. कव्हरवर पांढऱ्या मेंढ्यांच्या कळपातून दूर उडी घेणारी काळी मेंढी आहे. ते चित्र सिंथिया कॉनोली यांनी काढलेले आहे. तुमच्या प्रतीच्या मागच्या बाजूला गाण्यांची नावे छापलेली असतील. पहिल्या छपाईत मात्र मागचा भाग नुसता काळा होता. याहून महत्त्वाचा भेद आवाजात आहे. पहिली छपाई बाहेर पडल्यानंतर बँडने त्याच ध्वनिमुद्रणाचे मिक्सिंग नव्याने केले, म्हणजे गिटार, बास, ड्रम आणि गळा यांचे परस्परांतले प्रमाण पुन्हा ठरवले. पहिल्या छपाईची प्रत आणि तुमची प्रत यांत तेच शब्द, तेच वादक आणि तीच गाणी आहेत. पण दोन्हींमध्ये एका संपादनाचे अंतर आहे. रेकॉर्डच्या अखेरीस यादीत नसलेले एक गाणे वाजते, तेही तुमच्या ध्यानात आले असेलच.

आता प्रती वेगळ्या का निघतात ते पाहू, कारण हे समजल्याशिवाय केलेली खरेदी आंधळी ठरते. मास्टर टेपवरचा, म्हणजे अंतिम ध्वनिफितीवरचा, आवाज आधी लॅकरचा (वार्निशासारखा) लेप दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तबकडीवर कापला जातो. त्या मऊ तबकडीवर चांदीचा पातळ थर देऊन विद्युत्-विलेपनाने निकेल चढवतात आणि त्यातून उलटा धातूचा ठसा मिळतो. त्या ठशावरून पुन्हा सुलटी प्रत आणि तिच्यावरून छपाईचे उलटे साचे तयार होतात. तापवलेल्या पीव्हीसीचा गोळा या दोन साच्यांमध्ये दाबला की रेकॉर्ड तयार होते. कागदी लेबलसुद्धा त्याच दाबाने आणि उष्णतेने बसते, तिथे डिंक लागत नाही. साचा साधारण हजार-दीड हजार प्रतींनंतर झिजतो आणि बदलावा लागतो. म्हणून भेदाच्या तीन पातळ्या मानाव्यात : नव्याने कापलेले लॅकर, त्याच लॅकरपासून केलेले नवे साचे आणि त्याच साच्यांतून पुन्हा काढलेल्या प्रती. मराठी पुस्तकांत आपण ‘आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ यांत फरक करतो, तोच फरक येथे आहे. लॅकर नव्याने कापले की ती आवृत्ती बदलली, कारण कापणाऱ्या तंत्रज्ञाने खर्ज किती ठेवला, आवाजाची पातळी किती घेतली आणि शेवटच्या गाण्याला किती जागा सोडली यावर ऐकू येणारे बरेच काही अवलंबून असते. साचे तेच ठेवून फक्त लेबलचा रंग बदलला, तर ते पुनर्मुद्रण होय.

हा फरक कव्हरवरून क्वचितच कळतो. तो कळतो शेवटचे गाणे संपल्यावर मधल्या कागदी लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते तिच्यावरून. जमवणारे तिला रन-आउट म्हणतात. तिथे मॅट्रिक्स क्रमांक असतो : कधी हाताने ओरखडून लिहिलेला, कधी ठोकळ्याने उमटवलेला. बहुधा त्यात रेकॉर्डचा क्रमांक आणि बाजू असते. पुढे लॅकर कापणाऱ्याची खूण, प्लेटिंग (निकेलचे विलेपन) करणाऱ्याचे किंवा कारखान्याचे चिन्ह आणि हार्डकोरच्या रेकॉर्डींत पुष्कळदा बँडने लिहवून घेतलेले एखादे वाक्यही असते. उदाहरणार्थ, एम-पी-ओ ही तीन रोमन अक्षरे दिसली तर प्रत फ्रान्समधील त्याच नावाच्या कारखान्यात दाबलेली आहे. डिस्कॉर्डच्या रेकॉर्डींबाबत ही खूण विशेष उपयोगी पडते, कारण ऐंशीच्या दशकात लंडनच्या सदर्न या संस्थेच्या जॉन लोडर यांच्यामार्फत लेबलचे बरेच उत्पादन युरोपात होऊ लागले आणि त्यामुळे अमेरिकन लेबलच्या रेकॉर्डीवर ‘मेड इन फ्रान्स’ असे छापलेले आढळते. नवखा माणूस ते पाहून प्रत नकली समजतो. ती नकली नसते.

रन-आउट वाचणे ही सरावाची गोष्ट आहे आणि तो सराव महागड्या प्रतीवर करू नये. रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात जावे. हार्डकोर तिथे मिळणार नाही, पण हिंदी-मराठी चित्रपटांच्या ओरखडलेल्या रेकॉर्डी नक्की मिळतील. त्यांतल्या दोन-चार अगदी स्वस्तातल्या घ्याव्यात, एकाच चित्रपटाच्या दोन प्रती मिळाल्या तर उत्तमच. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात दाबलेल्या त्या रेकॉर्डींच्या रन-आउटमध्येही क्रमांक असतात. खोलीतला दिवा मालवून लहान टॉर्चचा प्रकाश आडवा, जवळजवळ रेकॉर्डच्या पातळीत टाकावा आणि रेकॉर्ड सावकाश फिरवावी. सरळ वरून न दिसणारी अक्षरे सावलीमुळे उठून दिसतात. हाताने कोरलेल्या अक्षराच्या कडा किंचित उसवलेल्या असतात, ठोकळ्याच्या अक्षराची खोली सारखी असते, हे डोळ्यांत एकदा बसले की पुढे कधी विसरत नाही. मी हे एका मराठी नाट्यगीतांच्या रेकॉर्डवर शिकलो आणि ती आजही जपून ठेवली आहे.

रन-आउटनंतर कागद पाहावा. हार्डकोरमध्ये कागदाला जेवढे महत्त्व आहे तेवढे क्वचित कोठे असेल, कारण तो कागद बहुतेकदा बँडच्याच हाताखालून गेलेला असतो. डिस्कॉर्डची पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा त्या मुलांनी एक इंग्लिश सात-इंची कव्हर उलगडून त्याचा आकार समजून घेतला, त्या बेताने कव्हरे छापून घेतली आणि मग कात्री आणि डिंक घेऊन ती स्वतः कापून, दुमडून चिकटवली. अशा कव्हरची कड किंचित वाकडी असते, चिकटवणीची पट्टी कमी-जास्त रुंद असते, आणि तो दोष नसून तिची ओळख असते. मायनर थ्रेटची पहिली सात-इंची रेकॉर्ड लाल, पिवळ्या, निळ्या अशा वेगवेगळ्या रंगांच्या कव्हरांत निघाली. पुढे डिस्कॉर्डनेच काढलेल्या ‘फ्लेक्स युअर हेड’ या १९८२ च्या संकलनाच्या वेगवेगळ्या छपायांना तर मुखपृष्ठेच निरनिराळी आहेत. डिस्कॉर्ड कव्हरवर टपालखर्चासह किंमत छापत असे. ती छापील किंमत काळानुसार बदलत गेली आणि त्यामुळे प्रतीचा काळ ठरवताना ती चांगला पुरावा ठरते. आतला गीतांचा कागद, त्याची घडी, कागदाचा पोत, नंतरच्या प्रतींतले एमपीथ्री उतरवून घेण्याचे कूपन, यांचीही नोंद ठेवावी.

कागदावरचा भेद केवळ सजावटीचा नसतो, त्यामागे घडलेली गोष्ट असते. ब्लॅक फ्लॅग या बँडच्या ‘डॅमेज्ड’ या १९८१ च्या रेकॉर्डचे वितरण करायला एमसीए या बड्या कंपनीने नकार दिला आणि तिच्या एका अधिकाऱ्याने ही रेकॉर्ड पालकविरोधी असल्याचे म्हटले. बँडने तेच मत स्टिकरवर छापून ते कव्हरावरच्या एमसीएच्या बोधचिन्हावर चिकटवले. डेड केनेडीज या बँडच्या पहिल्या अल्बमच्या मागच्या बाजूस एका जुन्या बँडचे छायाचित्र वापरले होते. त्या मंडळींनी हरकत घेतल्यावर त्यांची डोकी उडवलेले कव्हर निघाले. स्टिकर असलेली आणि नसलेली, डोकी असलेली आणि नसलेली अशा दोन प्रती शेजारी ठेवल्या की तो वाद समोर उभा राहतो. मी ज्याला संग्रह म्हणतो तो हाच.

याउलट रंगीत विनाइलविषयी, म्हणजे काळ्याऐवजी रंगीत प्लास्टिकच्या रेकॉर्डींविषयी, माझे मत काहीसे कठोर आहे. न्यूयॉर्कच्या हार्डकोरमध्ये, विशेषतः १९८७ पासून रेव्हेलेशन या लेबलच्या रेकॉर्डींमुळे, रंगीत प्रती आणि मर्यादित खेपा यांची ओढ मोठ्या प्रमाणावर निर्माण झाली. त्यातील काही प्रती खरोखर इतिहास सांगतात. जज या बँडची ‘चंग किंग’ स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेली रेकॉर्ड बँडला पसंत पडली नाही आणि पुन्हा ध्वनिमुद्रण करायचे ठरले. ज्यांनी आगाऊ पैसे भरून वाट पाहिली त्यांच्यासाठी त्या नाकारलेल्या ध्वनिमुद्रणाच्या सुमारे ११० प्रती काढल्या गेल्या. ती प्रत म्हणजे रद्द केलेला खर्डा आहे, म्हणून तिला मोल आहे. परंतु आज एकाच साच्यातून, एकाच आठवड्यात, पाच रंगांत काढलेल्या प्रतींमध्ये पाठभेद कोणताच नसतो. रंग मनापासून आवडला तर एक जरूर घ्यावी; पाचही घेण्यात तुमचे चार-पाच महिन्यांचे पैसे जातील आणि ज्ञानात भर पडणार नाही. १८० ग्रॅमच्या जाड रेकॉर्डीविषयीही हेच म्हणेन : वजनाने आवाज सुधारतो असे नाही, सुधारतो तो चांगल्या कापणीने आणि चांगल्या दाबणीने.

नकली प्रतींचा धोका सात-इंची रेकॉर्डींत सर्वांत अधिक आहे. २००९ मध्ये एका परदेशी विक्रेत्याकडून मी एक जुनी सात-इंची रेकॉर्ड ‘पहिली छपाई’ म्हणून घेतली. कव्हर हुबेहूब होते, पण छायाचित्रातले राखाडी भाग चिखलासारखे एकजीव झाले होते आणि भिंगाखाली एका ठिपक्यांच्या जाळीवर दुसरी जाळी पडलेली दिसत होती. कव्हरच्या छपाईची मूळ फिल्म हाती नसल्यामुळे नकली छपाई छापील कव्हराचेच पुन्हा छायाचित्र घेऊन करावी लागते आणि तिथेच ती पकडली जाते. माझ्या त्या प्रतीत रन-आउटमधले हाताने कोरलेले वाक्यही नव्हते. तेव्हापासून दोन्ही बाजूंच्या रन-आउटचे स्पष्ट छायाचित्र आल्याशिवाय मी पैसे पाठवत नाही. छायाचित्र द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेत नाही, किंमत कितीही मोहात पाडणारी असली तरी. डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर प्रेसिंगनिहाय नोंदी आणि मॅट्रिक्स क्रमांक मिळतात आणि त्यांच्याशी ताडून पाहणे आवश्यकच आहे. तिथल्या नोंदी जमवणाऱ्यांनीच भरलेल्या असल्याने त्यांत चुका राहतात, म्हणून हातातली प्रत आणि नोंद यांत विसंगती दिसली तर प्रतीवर विश्वास ठेवून शोध पुढे न्यावा.

प्रतीच्या अवस्थेविषयी एवढे ध्यानात ठेवा की विक्रेत्याचे ‘व्हेरी गुड प्लस’ (प्रतीच्या अवस्थेची श्रेणी) बहुधा नजरेने पाहून दिलेले असते. वाजवून पाहिली आहे का, गीतांचा कागद आहे का, कव्हरची शिवण फाटली आहे का, असे तीन प्रश्न लिहून विचारावेत. ऐंशीच्या दशकातल्या हार्डकोर रेकॉर्डी पोरांच्या खोल्यांत, साध्या यंत्रांवर शेकडो वेळा वाजल्या आहेत. त्यांच्यावर ओरखडे असणे स्वाभाविक आहे आणि पाठभेद म्हणून घेतलेल्या प्रतीला थोडी खरखर चालते. पार्सल पाठवताना रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढून वेगळ्या पिशवीत, दोन्ही बाजूंना पुठ्ठा देऊन बांधायला सांगावे, नाहीतर प्रवासात रेकॉर्डची कड आतून कव्हर फाडते. सीमाशुल्क वस्तूच्या किमतीबरोबर वाहतूक खर्चही धरून लागते, म्हणून एकेक रेकॉर्ड मागवण्यापेक्षा एकाच विक्रेत्याकडून दोन-तीन एकत्र मागवणे परवडते. जून ते सप्टेंबर या काळात मी परदेशातून काहीही मागवत नाही. एका जुलैमध्ये आलेले माझे पार्सल भिजलेले होते. रेकॉर्डला काही झाले नाही, पण हाताने चिकटवलेल्या त्या कव्हरच्या कडा उसवल्या आणि कागदाला जी पन्हाळ पडली ती आजतागायत गेलेली नाही.

पुण्यात रेकॉर्डींचा खरा शत्रू पाऊस आणि त्यानंतरची ओल हाच आहे. बाहेरच्या ज्या भिंतीवर झड येते तिला लागून कपाट ठेवू नये. भिंत आणि कपाट यांत चार बोटे तरी अंतर सोडावे. रेकॉर्डी नेहमी उभ्या, एकमेकींना आधार देतील पण दबणार नाहीत अशा ठेवाव्यात. माळ्यावर कधीही ठेवू नयेत, कारण एप्रिल-मेमध्ये स्लॅब तापला की तिथल्या उष्णतेने रेकॉर्ड वाकते आणि वाकलेली रेकॉर्ड घरगुती उपायांनी पूर्वीसारखी सरळ होत नाही. बाहेरची पिशवी पॉलिप्रॉपिलीनची घ्यावी. मऊ पीव्हीसीच्या पिशवीतले रसायन वर्षानुवर्षांनी रेकॉर्डच्या पृष्ठभागावर धुरकट थर सोडते. डिंकाने चिकटवलेल्या कव्हरांना कसर लागते, म्हणून दर महिन्याला कपाट उघडून कव्हरे हाताळावीत, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वरचेवर बदलाव्यात. डांबराच्या गोळ्या मात्र नकोत, त्यांचा वास कागदातून निघत नाही. धुण्यासाठी बोअरचे पाणी वापरू नये, क्षार खाचांत बसतात. औषधाच्या दुकानातले डिस्टिल्ड पाणी आणि त्यात सौम्य साबणाचे एक-दोन थेंब पुरेसे होतात, नंतर पुन्हा साध्या डिस्टिल्ड पाण्याने धुवावे आणि लेबल कोरडे राहील याची काळजी घ्यावी. जुन्या बाजारातून लाखेची अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची रेकॉर्ड आणलीत, तर तिला अल्कोहोल अजिबात लावू नका, लाख विरघळते.

आता तुमच्या ३,००० रुपयांचा प्रश्न. पहिल्या महिन्यात रेकॉर्ड घेऊ नका. टॉर्च, दहापट मोठे दाखवणारे भिंग, ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला काटा, पिशव्या आणि एक जाड बांधणीची वही घ्या. बरीचशी खरेदी अप्पा बळवंत चौक आणि बोहरी आळी एवढ्यातच होईल. तुमच्या हाती असलेल्या प्रतीची संपूर्ण नोंद पहिल्या पानावर करा : दोन्ही बाजूंचे रन-आउट अक्षरशः, लेबलचा रंग आणि मजकूर, कव्हरवरचा पत्ता, वजन, कागदाचा पोत, कोठून आणि कधी घेतली. त्यानंतर दोन-तीन महिन्यांचे पैसे साठवून ‘मेड इन फ्रान्स’ छाप असलेली जुनी प्रत शोधा. मधल्या काळातल्या अशा प्रतींकडे पहिल्या छपाईच्या मागे लागलेले लोक फारसे वळत नाहीत. ती आल्यावर दोन्ही प्रती एकाच सुईने, आवाजाची पातळी कानाने जुळवून घेऊन, एकेक गाणे आलटून-पालटून ऐका, आणि खर्ज, झांजांची धार आणि शेवटच्या, लेबलजवळच्या गाण्यातली फरफर यांविषयी जे जाणवेल ते त्याच संध्याकाळी लिहून ठेवा. काळ्या पाठीची पहिली छपाई सर्वांत शेवटी, वर्ष-दोन वर्षांचे पैसे जमल्यावर घ्या. एवढ्या तयारीनंतर तिचे जुने मिक्सिंग पहिल्यांदा कानावर पडेल, तेव्हा कोणते वाद्य पुढे आले आणि कोणते मागे गेले हे तुम्हाला कोणी सांगावे लागणार नाही. तोवर ते इतरत्र कोठे ऐकू नका.